खाडा

इंग्लंडातल्या हल गावच्या क्रेव्हन पार्कवर, रग्बीच्या मैदानावर, मी पहिल्यांदा गेले ते 2006 साली, आणि सामना संपायच्या आतच निघाले. मला वाटलं, संपला. मैदानभर हूटर घुमला आणि माझा हात आपोआप पर्सकडे गेला. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलीला भोंगा झाला की पाय उचलायचे, एवढंच कळतं. शेजारच्या बाईंनी माझी बाही धरून मला खाली बसवलं. "कुठे निघालीस, लव्ह? बॉल अजून जिवंत आहे."

रग्बी लीगचा नियमच तसा आहे. ऐंशी मिनिटं भरली की भोंगा होतो, पण चालू डाव तिथे तुटत नाही. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला पकडून आडवं करेपर्यंत, किंवा चेंडू रेषेबाहेर जाईपर्यंत खेळ सुरूच राहतो. 2020 ची ग्रँड फायनल, म्हणजे वर्षाचा विजेता ठरवणारा सामना, कोविडमुळे आमच्या हलमध्येच, रिकाम्या मैदानात झाली होती. सेंट हेलेन्स आणि विगन, 4-4. शेवटच्या क्षणी मारलेली किक खांबाला आपटून परत आली, भोंगा होऊन गेला, आणि त्या उड्या मारणाऱ्या चेंडूवर जॅक वेल्सबी नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा झेपावला. 8-4. वर्षभराचा हिशेब भोंग्यानंतर मिटला.

तर तो भोंगा ऐकून मी उठले, आणि त्या बाईंनी मला बसवलं, ती मी अजून बसलेलीच आहे.

मी नर्स आहे. 2004 मध्ये हलला आले, तेव्हा या गावाबद्दल फक्त एवढंच माहीत होतं की ते नकाशात उजवीकडे, समुद्राला लागून आहे आणि तिथे नर्सेस कमी आहेत. घर मिळालं ते पूर्व हलमध्ये. शेजारी या बाई राहायच्या, गोदी कामगाराची बायको. नवरा नुकताच गेलेला, त्याचा सीझन पास रिकामा पडलेला. "खुर्ची वाया जाते," म्हणाल्या. मी त्यांना मनातल्या मनात काकू म्हणते. तोंडावर म्हटलं तर त्यांना काय वाटेल कोण जाणे. त्या मला लव्ह म्हणतात, पण बसच्या ड्रायव्हरलाही तेच म्हणतात.

आधी एक खुलासा करायला हवा. टीव्हीवर सहा देशांची म्हणून जी रग्बी दिसते, ती ही नव्हे. ती युनियन, पंधरा जणांची. ही लीग, तेरा जणांची. इंग्लंडच्या उत्तरेला, लिव्हरपूलच्या अलीकडच्या गावांपासून हलपर्यंत जो पट्टा आहे, तिथे हा खेळ दैवतासारखा आहे, आणि पट्ट्याबाहेर विचारलं तर निम्म्या लोकांना दोन्हींतला फरक सांगता येत नाही. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला सहा पकडी मिळतात. पकडला, पाडला, उठला, पायाने चेंडू मागे सरकवला, की पुढची चढाई. सहाव्या पकडीनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याचा. प्रत्येक वेळी बचावाच्या रांगेने दहा मीटर मागे पळायचं आणि परत पुढे धावून अंगावर घ्यायचं. शंभर-शंभर किलोची माणसं ऐंशी मिनिटं हेच करतात.

मला तो खेळ पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला, कारण माझे वडील कबड्डी खेळायचे.

अण्णा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि लालबागच्या मंडळाकडून खेळायचे. डावा कोपरा. घोट्याची पकड ही त्यांची खासियत. चाळीत त्यांच्या पकडीच्या गोष्टी सांगितल्या जायच्या, पण आईला विचारलं तर ती वेगळीच गोष्ट सांगायची: कोल्हापूरला सामन्याला गेले, दोन दिवसांचा खाडा. बोट मोडलं, बारा दिवसांचा खाडा. खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दिवस, आणि त्या दिवसाची कापलेली मजुरी. हजेरीपटावर एक फुली पडायची आणि आमच्या घरात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डाळ पातळ व्हायची. मंडळाने दिलेली ढाल भिंतीवर चकचकायची. आई ती पुसायची मात्र रोज.

2025 च्या मे महिन्यात अण्णा चार महिन्यांसाठी माझ्याकडे आले. पंचाहत्तरी झालेली, गुडघे गेलेले, चौकशा मात्र शाबूत. काकूंनी त्यांच्यासाठीही कुठून तरी तिकीट काढलं. पहिली दहा मिनिटं अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "इथे पकडलेला बाद होत नाही? उठून परत खेळतो?" हो म्हटलं. "बरं आहे," म्हणाले. पुढे एका बचावपटूने चढाईवाल्याचे दोन्ही पाय खालून असे आवळले, की अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि काकूंच्या खांद्यावर थाप मारून बसले. काकूंना मराठी येत नाही, अण्णांना इंग्रजी बेताचं. तरी त्या दोघांचं त्या संध्याकाळी माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

मध्यंतरात अण्णांनी विचारलं, "ह्यांना पगार मिळतो ना?"

मिळतो.

"आणि जखमी झाला तर? खाडा कोण देतं?"

मी हसले. त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी या खेळाच्या जन्माचंच कारण विचारलं होतं.

1890 च्या दशकात इंग्लंडात रग्बी एकच होती. दक्षिणेत ती खेळणारे बहुतेक पब्लिक स्कूल म्हणवणाऱ्या महागड्या खासगी शाळांतून शिकलेले, वकील, डॉक्टर, जमीनदारांचे मुलगे. उत्तरेत खेळायचे ते कोळशाच्या खाणीतले, गिरण्यांतले, गोदीतले कामगार. शनिवारी दुपारपर्यंत पाळी असायची. बाहेरगावी सामना असला की पाळी बुडायची, मजुरी बुडायची. यॉर्कशायरच्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की पगार देऊ नका, निदान बुडालेल्या मजुरीची भरपाई तरी करू द्या. या मागणीला ते जे नाव देत, त्याचा अर्थ 'तुटलेला वेळ' असा होतो. मराठीत त्याला तयार शब्द आहे, तो आईने मला शिकवलेला आहे.

सप्टेंबर 1893 मध्ये खेळ चालवणाऱ्या रग्बी युनियनच्या लंडनच्या सभेत हा ठराव आला. 136 मतं बाजूने, 282 विरुद्ध. युनियनवाल्यांचा मुद्दा साधा होता: खेळ ही हौस आहे, पैशाचा वास लागला की ती बाटते. हौसेला मोल नसतं, असं आपणही म्हणतो. पण ते म्हणणाऱ्याच्या हजेरीपटावर फुली पडत नसते, हा भाग बहुधा राहून जातो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर घरात आधी खायला असावं लागतं.

29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि युनियनमधून बाहेर पडले. 22 क्लबांची नॉर्दर्न युनियन उभी राहिली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. बस. एवढ्यासाठी एक खेळ दोन झाला.

गंमत पुढे आहे. 1898 मध्ये त्यांनी खेळाडूंना उघड पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की प्रत्येकाला दुसरी खरीखुरी नोकरी हवीच. दारूच्या गुत्त्यात वेटरचं किंवा बिलियर्ड्सच्या टेबलाशी गुण मांडायचं काम केलेलं चालणार नाही. त्याला त्यांनी नोकरीच मानलं नाही. कामगारांनी काढलेल्या संघटनेने कामगारांवरच पहारा बसवला, हे वाचून मला आमचे मुकादम आठवले. पण पैसे द्यायचे तर तिकिटं खपली पाहिजेत, आणि तिकिटं खपायची तर खेळ बघावासा वाटला पाहिजे. म्हणून त्यांनी खेळ मोकळा करायला घेतला. 1897 मध्ये रेषेवरून चेंडू आत फेकण्याची रांग काढून टाकली, 1906 मध्ये पंधराचे तेरा केले, पकडलेल्या माणसाने पायाने चेंडू मागे द्यायची पद्धत आणली. आज मी जो वेग बघते, तो कुणाच्या सौंदर्यदृष्टीतून नव्हे, दारावरच्या गल्ल्यातून आलेला आहे.

आणि युनियनने काय केलं? वाळीत टाकलं. लीग खेळलेल्या माणसाला युनियनच्या मैदानावर जन्मभर बंदी. ही सोवळ्याची भिंत शंभर वर्षं टिकली. ऑगस्ट 1995 मध्ये युनियनने स्वतःच पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा पडली. त्या शंभर वर्षांत युनियनच्या दारातून जे आत जाऊ शकले नाहीत, त्यातले पुष्कळ उत्तरेत आले. कार्डिफच्या गोदीतला बिली बोस्टन, ज्याचे वडील सिएरा लिओनचे खलाशी होते, त्याला विगनने 1953 मध्ये घेतलं. त्याने त्यांच्यासाठी 478 ट्राय केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन हलला आला, ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला, 1972 चा विश्वचषक उचलला. कुठल्याही मोठ्या खेळात ब्रिटनच्या संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. हलमध्ये शिरणाऱ्या मुख्य रस्त्याला त्याचं नाव आहे. मी रोज त्याच रस्त्यावरून कामाला जायचे, आणि चार वर्षं मला तो कुणी नगरसेवक असेल असं वाटत होतं.

सलिव्हन हलच्या दोन्ही क्लबांकडून खेळला. हे किती अवघड आहे ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. गावाच्या मधून हल नदी जाते. पश्चिमेला हल एफसी, काळा-पांढरा. पूर्वेला हल किंग्स्टन रोव्हर्स, लाल-पांढरा, क्रेव्हन पार्कवाले, म्हणजे आम्ही. पश्चिमेला हेसल रोडवर मासेमारीच्या ट्रॉलरवरचे लोक, पूर्वेला गोदीवाले आणि कारखान्यांतले. 1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत या गावाचे तीन ट्रॉलर तीन आठवड्यांत उत्तरेच्या समुद्रात बुडाले आणि 58 माणसं गेली. काही बोटींवर धड रेडिओ ऑपरेटरही नसायचे. लिलियन बिलोका आणि हेसल रोडच्या बायकांनी मोर्चे काढून मालकांना आणि सरकारला नियम बदलायला लावले. काकू सांगतात, त्या वर्षी पूर्वेच्या लोकांनी एफसीला शिव्या देणं महिनाभर बंद ठेवलं होतं. मग पुन्हा सुरू. एफसीचे काही कट्टर लोक बेकन खात नाहीत, कारण ते लाल-पांढरं असतं, असंही इथे सांगतात. मला खरं वाटतं. आमच्याकडे दोन मंडळांच्या गणपतींच्या मिरवणुका एकमेकींसमोर आल्या की काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. हलमध्ये पॅटी नावाचा पदार्थ मिळतो. उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात सेजचा पाला, वर पिठाचं आवरण, तेलात तळलेला, आणि पावात घालून. अण्णांनी पहिला घास घेतला, थांबले, म्हणाले, "मिरची विसरले." मग वर शिंपडायचा लाल मसाला दाखवला, मीठ आणि पाप्रिका, याच गावात निघालेला. त्यावर त्यांनी अख्खी पॅटी संपवली. क्रेव्हन पार्कला जाताना दर वेळी तोच बेत.

रोव्हर्सबद्दल. हा क्लब 1880 च्या दशकात बॉयलर बनवणाऱ्या उमेदवार पोरांनी काढला. त्यांचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे 3 मे 1980. चॅलेंज कप या बाद फेरीच्या स्पर्धेची फायनल, लंडनचं वेम्बली, 95,000 माणसं, आणि समोर कोण तर एफसी. गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली होती: शेवटी निघणाऱ्याने दिवे मालवा. रोव्हर्सचा कर्णधार रॉजर मिलवर्ड याचा जबडा सुरुवातीलाच मोडला. तो शेवटपर्यंत खेळला. रोव्हर्स 10-5 ने जिंकले. काकू तिथे होत्या. मोडक्या जबड्याची गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे की नर्स म्हणून त्यावर बोलणं मी सोडून दिलं आहे.

त्यानंतर 1985 पर्यंत चांगले दिवस, आणि मग दुष्काळ. चाळीस वर्षं एकही मोठा चषक नाही. साधा दुष्काळ नव्हे, चिडवणारा. 1986 ची चॅलेंज कप फायनल 14-15 ने गेली. 2015 ची 50-0 ने गेली. तो दिवस काकू 'अंत्ययात्रा' म्हणतात. 2016 मध्ये सुपर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात, राहायचं की खाली जायचं हे ठरवणारा एकच सामना सॅलफर्डशी होता. दोन मिनिटं राहिली असताना आठ गुणांची आघाडी. सॅलफर्डने बरोबरी केली. जादा वेळेत जो पहिला गुण करेल तो जिंकेल, असं असताना सॅलफर्डच्या गॅरेथ ओब्रायनने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून ड्रॉप गोल मारला, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर सोडून उसळताच खांबांमधून लाथाडला. एक गुण. रोव्हर्स खालच्या वर्गात. 2023 ची चॅलेंज कप फायनलही अशाच एका गुणाने ली नावाच्या क्लबाने नेली, 17-16. 2024 मध्ये ग्रँड फायनल गाठली, तिथे विगनने 9-2. विगनने त्या वर्षी मिळण्यासारखे चारही चषक नेले होते, त्यामुळे ते दुःख सुद्धा धड आपलं वाटलं नाही.

हातातोंडाशी आलेला घास जायची इतकी सवय झालेली माणसं मी फक्त गिरणगावात पाहिली होती. काकूंच्या बोलण्यात एक खास स्वर आहे, अण्णांच्याही आहे. जिंकत असताना सुद्धा ते 'बघू' म्हणतात.

2025 चा मोसम सुरू झाला तोच विचित्र. फेब्रुवारीतल्या पहिल्या सामन्यात विगन आणि ली यांच्यात ऐंशी मिनिटं एकही गुण झाला नाही. सुपर लीगमध्ये असं कधीच घडलं नव्हतं. जादा वेळेत लीच्या एका खेळाडूने ड्रॉप गोल मारला, 1-0. तो खेळाडू गॅरेथ ओब्रायन. काकूंनी टीव्ही बंद केला. दोनच दिवसांनी सॅलफर्ड सेंट हेलेन्सशी 82-0 ने हरले. क्लबची तिजोरी रिकामी, वरून लीगने खर्चावर घातलेले निर्बंध. म्हणून त्यांनी नवखी पोरं उतरवली होती. त्या पोरांचे चेहरे मला अजून दिसतात. समोरच्या संघाचा राग नव्हता त्यांना, कुणाचाच नव्हता. पाळीवर बदली म्हणून घेतलेला मुलगा पहिल्या दिवशी यंत्राकडे जसा बघतो तसे ते बघत होते. मोसमभर सॅलफर्डचे पगार रखडत राहिले, खेळाडू एकेक करून गेले. वर्ष संपता संपता कोर्टाने ती कंपनी बंद केली. अण्णांना 82-0 ची क्लिप दाखवली तेव्हा त्यांनी गुण विचारलेच नाहीत. "पगार तारखेला होत होता का?" एवढंच विचारलं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला त्यांचा संप कागदावर अजून कुणी मागे घेतलेला नाही. तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यानंतर अण्णा कबड्डी खेळले नाहीत. खाडा पडायला आधी हजेरी लागते.

एक गोष्ट मला टाळता येत नाही. मला या खेळातल्या धडका आवडत नाहीत. वीस वर्षं मी हा खेळ बघते आहे आणि प्रत्येक वेळी डोक्याला डोकं लागलं की मी आधी त्या खेळाडूच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघते, मग चेंडू. जुन्या खेळाडूंनी मेंदूच्या दुखापतींवरून खेळ चालवणाऱ्या संस्थेवर दावे लावले आहेत. त्यांच्यातल्या काहींना पन्नाशीच्या आतच स्मृतिभ्रंश झाला आहे. अलीकडे पकड कुठल्या उंचीवर घ्यायची याचे नियम कडक झाले, त्यावर स्टँडमधले लोक कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. अण्णांचा प्रश्न मला इथे परत ऐकू येतो. शनिवारच्या पाळीचा खाडा सहा शिलिंगांत भरता आला. साठाव्या वर्षी स्वतःच्या नातवाचं नाव आठवत नसलेल्या माणसाचा खाडा कुठल्या रकान्यात लिहायचा?

रॉब बरोचं नाव मी मुद्दाम वेगळं घेते, कारण त्याचा आजार वेगळा होता आणि त्याचं खापर खेळावर फोडायला माझ्याकडे आधार नाही. लीड्सचा पाच फूट पाच इंचांचा हाफबॅक, आठ ग्रँड फायनल जिंकलेला. 2011 च्या फायनलमध्ये तो राक्षसांसारख्या माणसांच्या काखेखालून वाकून निघाला आणि अर्ध्या मैदानाहून जास्त धावत जाऊन ट्राय केला. अण्णांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. डिसेंबर 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या, आजाराचं निदान झालं. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड त्याच्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, कारण बरोच्या पाठीवर सात नंबर होता. 2023 मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनला सिनफील्डने त्याला चाकाच्या खुर्चीतून सगळं अंतर ढकलत नेलं आणि शेवटच्या रेषेशी खुर्चीतून उचलून हातांवर घेऊन ओलांडली. माझ्या वॉर्डात अशा आजाराचे रुग्ण येतात. उचलताना मान कशी धरायची असते हे मला माहीत आहे, म्हणून मी ते दृश्य बघताना त्याचा हात बघत होते. बरोबर धरलं होतं त्याने. बरो 2 जून 2024 ला गेला. त्या आठवड्यातली चॅलेंज कपची फायनल तीनला नव्हे, तीन वाजून सात मिनिटांनी सुरू झाली.

पुढच्या वर्षीच्या फायनलमध्ये रोव्हर्स होते. 7 जून 2025, समोर वॉरिंग्टन.

माझी त्या शनिवारी दिवसाची लांब पाळी लागलेली होती. एका मल्याळी मैत्रिणीने ती घेतली, बदल्यात मी तिच्या दोन रात्री केल्या. पगार बुडाला नाही, झोप बुडाली. पहाटे बस निघाली. अण्णांना मी येऊ नका म्हटलं होतं, पाच तास बसायचं म्हणून. ते आधीच लाल स्वेटर घालून जिन्याशी उभे होते. काकूंनी 1980 चा स्कार्फ आणला होता, धुतलेला नव्हता, धुवायचा नसतो म्हणाल्या.

सामना सुंदर नव्हता. उकाडा नव्हता, पाऊस येऊन जाऊन होता आणि चेंडू हातांतून निसटत होता. वॉरिंग्टन 6-0. मग पेनल्टीवर दोन गुण, 6-2. सत्तर मिनिटं झाली, पंच्याहत्तर झाली. वॉरिंग्टनचा मार्क स्नीड असा खेळत होता की सामनावीर म्हणून त्याचं नाव पुकारलं तेव्हा कुणाचंच दुमत नव्हतं. आमच्या रांगेत बोलणं बंद झालं. काकूंनी स्कार्फ घडी करून मांडीवर ठेवला, जसा कुणी जेवण झाल्यावर पंचा ठेवतं. "बघू," म्हणाल्या. दोन मिनिटं राहिली होती.

गोलरेषेमागे एक सरपटती किक गेली. दोन्ही संघांच्या अंगांचा ढीग पडला आणि त्यातून टॉम डेव्हिस चेंडूवर आडवा झालेला दिसला. ट्राय. 6-6. आता त्यावरची किक, दोन गुणांची, मिकी लुइसच्या पायावर. हा हलचाच पोरगा. चेंडू ठेवायची जागा सोपी नव्हती. मी डोळे मिटले, हे कबूल करते. मला चेंडू खांबांमधून गेलेला दिसला नाही. अण्णांचा आवाज ऐकू आला. लालबागच्या मैदानावर पकड झाली की जो आवाज उठायचा, तो, वेम्बलीत, एका पंचाहत्तर वर्षांच्या छातीतून.

8-6. भोंगा झाला. अण्णा उठून उभे राहिले आणि मग थांबले, माझ्याकडे वळून म्हणाले, "बॉल मेला का?" मेला होता.

काकू रडल्या नाहीत. बसमध्ये बसल्यावर त्यांनी पिशवीतून नवऱ्याचा जुना सीझन पास काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. "आता तक्रार कशाची करायची?" म्हणाल्या. अण्णांना मी भाषांतर करून सांगितलं. "मिळेल काहीतरी," ते म्हणाले. तेही मी भाषांतर करून सांगितलं.

तीन दिवसांनी बातमी आली की बिली बोस्टनला नव्वदाव्या वर्षी 'सर' केलं. रग्बी लीगच्या एकशे तीस वर्षांत हा मान मिळालेला पहिला खेळाडू. क्रिकेट, फुटबॉल, युनियन, घोडे, नावा, सगळ्यांत सर झाले होते. अण्णा चहा पीत होते. "उशीर," म्हणाले, आणि बिस्किट बुडवलं.

उरलेल्या मोसमाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण सुख सांगायला मला जमत नाही. प्रशिक्षक विली पीटर्सच्या रोव्हर्सनी साखळीत पहिला क्रमांक पटकावून वर्षाचा दुसरा चषक, साखळीची ढाल, घेतली. सप्टेंबरच्या अखेरीस अण्णा मुंबईला परतले. जाताना लाल मसाल्याच्या तीन डब्या घेऊन गेले. ऑक्टोबरात हलची जत्रा भरते, पाळणे, चिक्की, गर्दी, आणि तीही एफसीच्या मैदानाला लागून. काकू म्हणाल्या, या वर्षी तिकडे मान वर करून जाता येईल. 11 ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रँड फायनल, समोर पुन्हा विगन. मला पाळी बदलून मिळाली नाही. संध्याकाळी कामावरून सुटून काकूंच्या घरी पोचले तेव्हा दुसरा डाव सुरू होता. 24-6. तिन्ही चषक एका वर्षात, चाळीस वर्षांनंतर.

शेवटची मिनिटं चालू होती आणि फोन वाजला. मुंबईत मध्यरात्र उलटून गेलेली. अण्णांकडे सामना दिसत नव्हता. इंटरनेटवर आकडे बघत बसले होते.

"भोंगा झाला का?"

"आत्ताच झाला."

"आणि बॉल?"

मी पडद्याकडे बघितलं. रोव्हर्सचा एक जण चेंडू पोटाशी धरून खाली पडला होता, वर दोघे तिघे, आणि कुणी उठायच्या घाईत नव्हतं.

"मेला, अण्णा."

"मग झोपतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.